तिसरी रांग

"कृपया मागील आसन तपासा," असं गाडी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा नूपुरनं तिला मनातल्या मनात उत्तर दिलं होतं, की बाई, तू मला शिकवू नकोस. गाडी शोरूमच्या दारात उभी होती. चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि काजल नावाची शोरूममधली मुलगी आत वाकून एकेक बटण समजावत होती. "मॅडम, गाडी बंद केली की ही दर वेळी बोलते. मागे बाळ राहून गेलं, सामान राहून गेलं, कोणीपण राहून गेलं, तर. इथे ओके दाबलं की गप्प. पण दाबायच्या आधी खरंच एकदा वळून बघत जा बरं. लोक न बघताच दाबून राहिले." लोक दाबत असतील. नूपुर लोकांतली नव्हती. लोक कुलूप लावून निघतात; नूपुर लिफ्टमधून परत येऊन कुलूप ओढून बघते, आणि पुन्हा लिफ्टमध्ये शिरल्यावर तिला वाटतं की ओढताना ते उघडलं तर नसेल. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केल्यामुळे तिला इतरांना न दिसणारं बरंच काही दिसायचं: द्राक्षांवर, झोपाळ्याच्या साखळीवर, पाहुण्यांनी घेतलेल्या पाप्यांवर. लेक अरू झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरायची, आणि श्वास नीट लागला की तो जरा जास्तच नीट लागतोय का याचा विचार करायची. अशा बाईला एका डॅशबोर्डनं मागे वळून बघायला सांगायचं, आणि तेही त्या स्वच्छ, थोड्या रागावलेल्या, पुणेरी वळणाच्या मराठीत. तिनं ओके दाबलं. त्या दिवशी मागे खरंच कोणी नव्हतं.

ही गाडी घरात आली त्यात गाडीची गरज कमी आणि मधुकरराव जास्त होते. मधुकरराव म्हणजे नूपुरचे सासरे, अग्रणी मोटर्समधून निवृत्त झालेले सर्व्हिस इन्स्पेक्टर. देशाला एकच गाडी पुरत होती त्या काळात अग्रणी ही देशाची गाडी होती. तिची 'मैना' डॉक्टरांच्या दारात, कलेक्टरांच्या बंगल्यात आणि लग्नाच्या वरातीत सारख्याच इतमामानं बंद पडायची. मैनेचं खास दुखणं भोंग्याचं होतं. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की कधीकधी भोंगा सुरू व्हायचा आणि बॅटरीची तार उपटेपर्यंत थांबायचा नाही. वर्कशॉपमध्ये आणली की गप्प, रस्त्यावर गेली की सुरू. खापरखेड्याला एका अंत्ययात्रेत ती अशी ओरडली की खांदेकरी धावू लागले. मौद्याला एका साखरपुड्यात ती इतका वेळ वाजत राहिली की मुलीच्या आजीनं अंगठी काढून परत केली. दोन्हीकडे कंपनीच्या वतीनं मधुकरराव जाऊन हात जोडून आले होते. मग बाहेरच्या गाड्या आल्या आणि अग्रणी खंगत गेली. नागपूरचा डेपो बंद झाला, तिथे मंगल कार्यालय झालं, आणि जिथे मैना खड्ड्यावर उभी राहून तेल गाळायची तिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या आल्या. त्या कार्यालयात जेवायला गेलं की कोणीतरी विचारणारच, "काय मधुकरराव, मैना उडाली का?" ते ओठाच्या एका कोपऱ्यानं हसायचे. नूपुर लग्न होऊन या घरात आल्यापासून ते हसणं बघत होती. तिला ते बघवायचं नाही; पण बघून झाल्यावर तिला लगेच दुसरं काहीतरी बघायचं असायचं.

आणि मग, कंपनी आता कोणाला विकतात याच्याच बातम्या येत असताना, अग्रणीची नवी गाडी सातपुडा आली. उंच, रुंद, तीन रांगांची, छातीवर लोखंडी पट्टा घेतलेली. पहिल्या महिन्यात लोक हसले, दुसऱ्या महिन्यात शोरूममध्ये जाऊन हसले, आणि त्यानंतर गाडीसाठी वाट बघायची रांग लागली. कारखान्याची बंद पडलेली पाळी पुन्हा सुरू झाली. मधुकरराव सकाळी चहाबरोबर अग्रणीच्या बातम्या मोठ्यानं वाचू लागले, आणि सुमंत, त्यांचा मुलगा, मिहानमधल्या ऑफिसच्या बसची वेळ झाली म्हणून अर्ध्या बातमीत उठायचा. शेवटी एका सकाळी तो बातमी संपेपर्यंत बसला आणि म्हणाला, "बाबा, घेऊन टाकू एक." शेजारच्या भैय्याजींनी, ज्यांची परदेशी बनावटीची गाडी ते रोज मऊ फडक्यानं पुसतात, अभिनंदन केलं. "चांगलं केलं. फक्त बॅटरीची तार उपटायला पाना घेऊन ठेवा जवळ." मधुकरराव त्याच कोपऱ्यानं हसले. पण गाडीसोबत आलेलं माहितीचं जाड पुस्तक त्यांनी चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचून काढलं, आणि जेवताना ते त्यातलं सांगायचे. "गाडी कुलूपबंद असताना आत काही हललं ना, तर भोंगा वाजतो. चोरासाठी." "हो बाबा," नूपुर अरूच्या भातातला मिरीचा दाणा शोधत म्हणायची. "ही मागची सीट सांगते ना, ते सगळ्यात मोठं काम केलं आपल्या लोकांनी. बाहेरच्यांच्या गाड्या अशा मराठीत नाही सांगत." "हो बाबा." दिवसातून किती वेळा ती हो बाबा म्हणायची याचा तिला पत्ता नव्हता, जसा पापण्या किती वेळा मिटल्या याचा नसतो.

डिसेंबरातल्या त्या सकाळी अरूची शाळेत 'भेट' होती. मुलाखत म्हणायचं नाही, असं शाळेनं कळवलं होतं, त्यामुळे सगळे पालक दबक्या आवाजात मुलाखतच म्हणत होते. नूपुरनं अरूला रंग विचारून झाले होते, फळं विचारून झाली होती, जांभळं हे फळ आणि जांभळा हा रंग यातली भानगड निस्तरून झाली होती. ती पाण्याची बाटली, दुसरी पाण्याची बाटली आणि कपड्यांचा जास्तीचा जोड घेऊन दारात आली तर मधुकरराव इस्त्रीचा शर्ट, स्वेटर आणि मफलर घालून तयार. "मी येतो." "काहून बाबा, तुम्ही काय करणार तिथे?" "तिथे काही नाही. तिसऱ्या रांगेत बसून बघतो. कंपनी म्हणते, पूर्ण वाढ झालेला माणूस आरामात बसतो. कोणी बसून पाहिलं का आजवर?" कोणी पाहिलं नव्हतं. तिसरी रांग ही गाडी विकताना असते. एकदा घरी आणली की तिथे छत्र्या राहतात. ते मधली सीट दुमडून, आधी डोकं, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा पाय, असे आत गेले. नूपुरनं मधली सीट परत उभी केली, तिच्यावर अरूची खुर्ची बसवली, कंपनीचा पट्टा आवळला आणि कंपनीच्या पट्ट्यावर विश्वास नसल्यानं वरून घरचा नाडा गाठी मारून बांधला. मधुकररावांचा फोन पुढे चार्जिंगला लावला. "बसला का नीट?" "उत्तम," असा आवाज आला, गुडघ्यांच्या पलीकडून.

रस्त्यात ते काहीतरी बोलले. ते नक्की काय बोलले हेच पुढे नूपुरला शाळेच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसून आठवायचं होतं, पण तेव्हा तिच्यापुढे माटे चौकातला सिग्नल होता, उजवीकडून घुसणारा ऑटो होता, आणि आरशात अरू जांभळ्या रंगाचं काही दिसलं की "फळ" म्हणून ओरडत होती. ती म्हणाली, "हो बाबा." धरमपेठेत, शाळेच्या इमारतीखालच्या तळघरात, दोन गुळगुळीत पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये तिनं सातपुडा घातली आणि इंजिन बंद केलं. "कृपया मागील आसन तपासा," बाई म्हणाली. नूपुर तपासतच होती. नाडा सोडून, खुर्चीसकट जवळजवळ, तिनं अरूला उचललं, तिचं कपाळ चाचपलं, बूट बघितले, नाडा परत बांधून टाकला कारण सुटा नाडा म्हणजे गळ्यात अडकायची वस्तू, आणि पुढच्या दारातून वाकून कोपरानं ओके दाबून दार लावलं. गाडीनं दिवे मिचकावले. नूपुर थोडी पुढे गेली, परत आली, दार ओढून बघितलं. कुलूप पक्कं होतं.

वर मिनल मिस नावाच्या बाई होत्या, आवाज मधासारखा आणि पेन टोकदार. अरूनं रंग सांगितले, फळं सांगितली, जांभूळ आपणहून टाळलं. "आणि घरी कोण कोण असतं?" "आई, पप्पा, आजोबा." "अरे वा. आजोबा आत्ता काय करतायत?" "गाडीत बसलेत." "कुठल्या गाडीत?" "आमच्या. मागे. आईनं कुलूप लावलं." मिनल मिस हसल्या, शेजारची सहायक बाई हसली, नूपुरही हसली. कल्पनाशक्ती चांगली आहे हं, असं म्हणत मिसनी काहीतरी लिहिलं. नूपुर अजून हसतच होती, तोंड तसंच उघडं होतं, आणि आतून कोणीतरी जिन्याची एक पायरी काढून घेतल्यासारखं झालं.

नाही. ते उतरले होते. ते माटे चौकात म्हणाले होते, मी इथे उतरलो तरी चालेल, संत्री घेऊन ऑटोनं जाईन घरी. म्हणाले होते ना? संत्री हा शब्द तिला स्वच्छ ऐकू येत होता, त्यांच्या घशातल्या किंचित घरघरीसकट. आणि ती हो बाबा म्हणाली होती. मग उतरायला गाडी थांबवली असणार. थांबवली असेल तर दार उघडलं असणार, मधली सीट दुमडली असणार, आणि सीट दुमडायला अरूची खुर्ची काढली असणार, आणि खुर्ची काढायला नाडा. नाडा तिनं फक्त इथे, तळघरात सोडला होता. तिनं बोटांकडे बघितलं. गाठ सोडताना मोडलेलं नख एकच होतं. नूपुरला आठवलं, सासूबाई गेल्यानंतरच्या दिवसांत मधुकरराव असेच घरात कुठेतरी असायचे, मागच्या बाल्कनीत, पंखा न लावता, आणि तिन्हीसांजेला दिवा लावायला गेलं की दचकायला व्हायचं. तेव्हा अरू पोटात होती. तेव्हापासून तिनं आपली सगळी काळजी एका जागी नेऊन ठेवली होती, जशी एखादी बाई घरातले सगळे दिवे काढून एकाच खोलीत लावते आणि मग बाकीच्या घरात ठेचकाळत हिंडते. डिसेंबर आहे, ती स्वतःला म्हणाली. तळघर आहे, गार आहे. मग तळघरातला गारवा, म्हातारी छाती, बंद काचा, ऑक्सिजन. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी काचेच्या बरणीत ठेवलेली मेणबत्ती तिच्या डोळ्यांपुढे मंद होऊ लागली, स्वेटर आणि मफलर घातलेली. "आणि तुम्ही," मिनल मिस मधासारख्या आवाजात म्हणाल्या, "स्वतःला कशा प्रकारची आई समजता?" "जागरूक," नूपुर म्हणाली. घरी पाठ केलेलं उत्तर होतं, ते आपोआप बाहेर आलं. मग ती उठली, अरूला काखेत घेतलं आणि म्हणाली, "एक मिनिट हं. सासरे गाडीत राहिले."

तळघरात रुपराव नावाचा चौकीदार सातपुडापाशी हात मागे बांधून उभा होता, देवळात उभं राहतात तसा. "ताई, ही गाडी तुमची काय? मांगं बुढा बसून हाय. मी काच ठोकली, बाबाजी निघा म्हटलं, तं त्यानं डोळे वटारले. नुसतं डोळ्यानंच बोलते. मले वाटलं तपस्या करून राहिला." नूपुरनं काचेला नाक लावलं. तिसऱ्या रांगेत, दोन छत्र्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीशी घेऊन मधुकरराव बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. त्यांनी तिला बघितलं आणि फक्त भुवई वर केली. तिनं कुलूप काढलं, दार उघडलं, नाड्याच्या गाठी दातांनी सोडल्या. ते बाहेर यायला बराच वेळ लागला, रुपरावनं त्यांना काखेत धरून ओढलं आणि सरळ उभं केलं तेव्हा कमरेतून असा आवाज आला की अरू म्हणाली, "पुन्हा करा."

"बाबा, ओरडायचं ना. काच ठोकायची. हॉर्न तरी वाजू द्यायचा."

"हॉर्न?" मधुकररावांनी डावीकडच्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं, मग उजवीकडच्या. आवाज खाली घेतला. "या दोघींच्या मधात? हललो असतो तर वाजलाच असता भोंगा. मग हा चौकीदार धावला असता, चार माणसं जमली असती. काय म्हटलं असतं लोकांनी? अग्रणीची गाडी हाय, झाली सुरू. आता कुठं नाव निघून राहिलं लोकांच्या तोंडातून. मी बसलो निवांत. नाक खाजत होतं, तेही नाही खाजवलं."

"आणि मी आलेच नसते तर?"

"येशील माहीत होतं. गाडीनं सांगितलं असणार तुले." मग ते थांबले. मफलर नीट केला. जरा पुढे वाकून, एखाद्या पोराचा निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "माझा जरा डोळा लागला होता, मी नाही ऐकलं. सांगितलं ना तिनं? मागची सीट बघा म्हणून?"

रुपराव बघत होता. अरू बघत होती. नूपुरच्या मनात त्या क्षणी सुमंत होता, संध्याकाळी बूट काढताना म्हणणारा, "म्हणजे गाडी म्हणाली, आणि तरी?" त्या 'आणि तरी'च्या आत अख्खं घर मावेल एवढी जागा होती. नाकाखाली बोट धरणारी, कुलूप ओढणारी, जागरूक. "नाही," ती म्हणाली. "नाही बोलली."

मधुकररावांचा चेहरा फक्त एका बाजूनं हसला. ओठाच्या त्याच कोपऱ्यानं. "असं," ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाडी तळघरातून उन्हात आली. शंकरनगरपाशी म्हणाले, "एखादी वेळ बोलते, एखादी वेळ नाही. हे सगळ्यात वाईट. मैनेचं असंच होतं. वर्कशॉपमध्ये गप्प, रस्त्यावर सुरू." माटे चौकापाशी म्हणाले, "कळवावं लागेल. मुख्य कचेरीत अजून दोघं ओळखतात मला. लहान लेकरांचा प्रश्न आहे, दाबून ठेवता येत नाही." आणि नूपुरचं डोकं, ज्याला एका शिंकेतून न्यूमोनियापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, ते निघालं. मुख्य कचेरीत फोन वाजतो. कोणीतरी खुर्चीतून उठतो. सगळ्या सातपुडा परत बोलवा. देशभरातून, घाटांतून, गल्ल्यांतून, लिंबं न सुकलेल्या चाकांवरून गाड्या परत निघाल्या आहेत, लांबच लांब रांग. टीव्हीवर खालून पट्टी जाते. नव्यानं सुरू झालेली पाळी बंद. कारखान्याच्या फाटकात डबे घेऊन माणसं उभी आहेत आणि त्यातली बरीच वळून नागपूरच्या दिशेनं बघतायत. काजल शोरूमच्या पायरीवर बसून म्हणते, मी तर सांगितलं होतं मॅडमना. शोरूमचंही मंगल कार्यालय होतं. आणि तिथे, पंगतीत, कोणीतरी मठ्ठ्याचा पेला ठेवत विचारतं, "काय मधुकरराव, सातपुडा कुठे?" हे सगळं एका 'नाही'पासून, जो तिनं नुसता तोंडातून बाहेर सोडला होता.

घराचं वळण आलं आणि नूपुर वळली नाही. कारण घर आलं की गाडी थांबवावी लागणार, थांबवली की बंद करावी लागणार, आणि बंद केली की ती बोलणार, स्वच्छ, रागावलेल्या मराठीत, सगळ्यांच्या समोर. ती सरळ रिंग रोडला लागली. छत्रपती चौक आला. "इकडे कुठं?" मधुकरराव म्हणाले. "जरा चक्कर, बाबा. अरूला ऊन." छत्रपती चौकातून खामला, खामल्यातून परत प्रतापनगर, पुन्हा घराचं वळण, पुन्हा सरळ. आपण असेच फिरत राहू, तिला वाटलं, टाकी संपेपर्यंत, मग पंपावर. पण पंपावर इंजिन बंद करायला लावतात. पोहेवाल्याच्या ठेल्यावरच्या माणसानं त्यांना दुसऱ्यांदा बघितलं आणि तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा हात केला. अरू झोपली. मधुकरराव इंजिनकडे कान लावून होते. "आवाज चांगला आहे पण," ते हळूच म्हणाले, जसं एखाद्यानं आजारी माणसाच्या उशाशी म्हणावं की नखं छान आहेत त्याची. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होता. ते आता तो खाजवत होते, मोकळेपणानं, दोन्ही हातांनी, आणि ते बघून नूपुरनं गाडी बाजूला घेतली, एका बंद दुकानासमोर, इंजिन चालूच.

"बाबा, ती बोलली होती."

"कोण?"

"गाडी. बोलली होती. मीच ओके दाबलं. कोपरानं."

मधुकररावांचा हात नाकावर थांबला. "बोलली? नीट, शब्द सगळे?"

"सगळे. कृपयासकट."

"आणि तू ऐकलं."

"ऐकलं. पण मला वाटलं, ती अरूचं सांगून राहिली." तिनं आरशातून झोपलेल्या अरूकडे बघितलं. "मला वाटलं, मागे म्हणजे अरूच."

आता ते काहीतरी म्हणतील, म्हणजे आयुष्यभर म्हणत राहतील, असं धरून ती स्टिअरिंगकडे बघत बसली. पण बाजूनं एक वेगळाच आवाज आला; इतकी वर्षं या घरात राहून तिनं तो ऐकला नव्हता. मधुकरराव पोट धरून हसत होते, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी. "म्हणजे गाडी बरोबर," ते मफलरनं डोळे पुसत म्हणाले. "सूनच बिघडली होती वं. त्याले कंपनी काय करंल?" मग म्हणाले, "बंद कर पाहू." तिनं बंद केली. "कृपया मागील आसन तपासा," बाई म्हणाल्या. आणि मधुकरराव, पट्टा सोडून, कमरेचा आवाज करत, पूर्ण मागे वळले. झोपलेल्या अरूकडे बघितलं, मग तिच्या पलीकडे, दोन छत्र्यांकडे, बराच वेळ. "कोणी नाही," त्यांनी डॅशबोर्डला सांगितलं, आणि स्वतःच्या बोटानं ओके दाबलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट कॉलनीभर झाली होती, आणि सांगणारे मधुकररावच होते. संत्रा बर्फीचा डबा हातात घेऊन ते दारोदार गेले. "गाडी म्हणते बघा, सून म्हणते हो बाबा. गाडीवर माझा विश्वास बसला." नूपुर वरून ऐकत होती. तिला लाजेनं कानात ऊन लागल्यासारखं होत होतं, आणि त्या उन्हात थोडं बरंही वाटत होतं. सुमंतनं बूट काढताना 'आणि तरी?' म्हटलंच, ती म्हणाली, "हो, आणि तरी," आणि त्यानं दुसरा बूट काढला. शाळेतूनही फोन आला. मिनल मिस म्हणाल्या, मुलगी खरं बोलते, आम्ही घेतोय. आईबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मग नूपुरनं एक काम केलं, जे तिच्या कामांत कधी नव्हतं: चहा नेऊन मागच्या बाल्कनीत बसलेल्या मधुकररावांपुढे ठेवला, आणि तो संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. "साखर बरोबर आहे," ते म्हणाले. "हो बाबा," ती म्हणाली, पण आधी त्यांच्याकडे बघून.

हे सगळं परवाचं. आज भैय्याजी खाली आले होते, फडकं खांद्यावर टाकून. "पाहू द्या बरं तुमची ती तिसरी रांग. पूर्ण वाढ झालेला माणूस म्हणे." मधुकररावांनी त्यांना आत बसवलं, आधी डोकं, मग एक पाय. नूपुर बाथरूमच्या खिडकीतून बघत होती, कारण अरू टबमध्ये होती आणि टबमधल्या मुलीपासून ती हातभर लांब जात नाही. मग मधुकरराव लिफ्टनं वर आले, बर्फीचा डबा न्यायला. वर आल्यावर टीव्हीवर सातपुडाची बातमी लागली होती, आणि आता ते ती आवाज मोठा करून बघतायत, सुमंतही शेजारी बसलाय, हाक मारली तर दोघंही नुसते हो म्हणतात. आणि नूपुरनं, खाली गाडी उघडी दिसली म्हणून, सवयीनं, खिडकीतूनच किल्लीचं बटण दाबलं. गाडीनं दिवे मिचकावले. भैय्याजी उतरताना तिला दिसले नाहीत. म्हणजे उतरले असतील. ती साबण घ्यायला वळली तेवढ्यात उतरले असतील. बटण दाबल्यावर किल्ली टबात पडली, ती आता चालत नाही, आणि अरूच्या केसांत फेस आहे. तेव्हा वाचता वाचता तुम्ही जर प्रतापनगरच्या बाजूला असाल, आणि फार लांब नसाल, तर नूपुरचं एवढं ऐका: फाटकाच्या डाव्या हाताला उंच गाडी उभी आहे, बॉनेटवर अजून पुसटसं कुंकू आहे, तिच्या शेवटच्या काचेतून जरा बघून या. हळू ठोका. आतला माणूस अजिबात हलत नसला तरी घाबरू नका. मधुकररावांनी त्यांना भोंग्याचं सांगून ठेवलंय.